एका अक्षरातल्या हरकती

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षाच्या सुरुवातीला नगरपालिकेच्या सभागृहातल्या नऊ खुर्च्यांची वेताची बैठक नव्याने विणून घेतली होती, आणि वर्ष सरायच्या आत त्या खुर्च्यांवर बसणारं कोणी उरलं नाही. गाव शहरात गेलं. म्हणजे हललं नाही. नदी, पूल, बंद गिरणीची लांबच लांब भिंत, सगळं जिथल्या तिथं राहिलं. पलीकडच्या महानगरपालिकेने ते कागदावर आपल्यात घेतलं, एवढंच. पण ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांच्या बोलण्यात अजूनही त्र्याऐंशीच्या आधीचं आणि नंतरचं असे दोन काळ असतात.

त्या नगरपालिकेत सभेचं इतिवृत्त लिहायला एक बाई होती. हुद्दा लेखनिकाचा, पण गाव तिला नोंदबाई म्हणे. चाळिशीला टेकलेली, अंगाने किरकोळ, आणि अक्षर असं की म्हाताऱ्या माणसाने चष्म्याशिवाय वाचावं. तिचा नवरा त्याच नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडे होता. पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडत, बंद करत गावभर फिरायचा. त्याला सगळे चावीवाला म्हणत. त्याची थोरली बहीण, नोंदबाईची नणंद, सहा खाटांच्या सूतिकागृहात सिस्टर होती. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. तीन माणसांचं घर, तिन्ही पगार एकाच इमारतीतून, त्यामुळे घरात बोलणं असायचं ते गावाचंच.

सभा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरे, आणि सभेचा पहिला तास गावाचा असे. ही पद्धत फार पूर्वीच्या एका नगराध्यक्षांनी घातलेली. त्यांच्या लक्षात आलं होतं की ज्याला अर्ज लिहिता येतो त्याचं आधी ऐकलं जातं, आणि ज्याला येत नाही तो दाराशी ताटकळतो. त्यांनी ठरावच करून टाकला. या तासाला कोणी कागद आणायचा नाही. डॉक्टर असो की झाडूवाला, समोरच्या बाकावर बसायचं आणि तोंडाने सांगायचं. लेखनिकाने ते ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. सांगणारा "हेच" म्हणाला की नोंद पुरी. खाली सही नाही, अंगठाही नाही. कारण सही आणि अंगठा आला की कोण शिकलेलं आणि कोण नाही ते वहीत दिसायला लागतं.

चाळीस वर्षं हे चाललं होतं. त्यातली शेवटची अठरा नोंदबाईच्या हातची. ती शब्द बदलत नसे. कोणी नळाच्या नावाने शिवी हासडली तर तेवढी टिंबं घालायची, पण टिंबं किती, ते शिवीच्या लांबीवर. एकदा एका सदस्याने वही वाचताना विचारलं होतं, "बाई, इथं ओळभर टिंबं आहेत, वाळवी लागली का?" ती म्हणाली होती, "नाही, तुमच्या गल्लीतला दिवा गेलाय."

त्या वर्षी पावसाळा संपता संपता विलीनीकरणाची सूचना आली. नगराध्यक्षांनी, जे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि ज्यांना सगळे मास्तरच म्हणत, ती सभेत वाचून दाखवली. भाषा अवघड होती, पण मतलब सरळ होता. गावाची नगरपालिका बरखास्त होणार. मोठ्या रस्त्यावरून गावाचे दोन तुकडे पडणार. उत्तरेचा तुकडा नदीपलीकडच्या प्रभागाला जोडायचा, दक्षिणेचा रेल्वेपलीकडच्या. दोन्हीकडे गावाची मतं तिसऱ्या हिश्शाएवढीही भरत नव्हती. आज नऊ माणसं गावाची. उद्या एकही असेलच असं नाही. शेवटी एक ओळ होती: हरकती असल्यास तीस दिवसांत लेखी द्याव्यात, त्यांचा विचार केला जाईल.

"लेखी म्हटलंय," सभा उठल्यावर मास्तर तिला म्हणाले. "कागद वाटून टाकू. ज्याला येतं त्याने आपलं आपण लिहावं, बाकीच्यांचं तुम्ही घ्या."

"आपलं आपण काय लिहितील, मास्तर? 'माननीय साहेबांचे सेवेशी, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की.' पानभर सादर करतील आणि म्हणणं राहूनच जाईल."

"माझ्या विद्यार्थ्यांची अब्रू घेताय तुम्ही."

"अर्ज लिहायला तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?"

मास्तर हसले. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि थोडा तोराही होता. अठरा वर्षं गावाचं बोलणं तिच्या हातातून गेलेलं, तेव्हा आता खरी वेळ आल्यावर दुसऱ्या कोणी लेखणी धरावी हे तिला सोसलं नसतं. मास्तरांनी मान डोलावली. तिथंच चुकलं. पण त्या दिवशी ते दोघांनाही शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सभागृहाबाहेर रांग लागली. सकाळी कचेरी उघडायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत. प्रत्येकाला वेगळा कागद. वर नाव, पत्ता, मग म्हणणं, आणि खाली तिची नेहमीची ओळ: वाचून दाखवले, 'हेच' म्हणाले.

मंडईच्या तोंडाशी बसणारी भाजीवाली पहिल्या दिवशीच आली. बाकावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "लिही. माझा सदस्य माझ्याकडून भाजी घेतो. माझ्या मापात खोट निघाली की तो मला बोलतो, रस्त्यात खड्डा पडला की मी त्याला बोलते. शहराचा सदस्य भाजी कुठून घेतो, मला काय ठाऊक? मी कोणाला बोलू?"

एक नुकती लग्न होऊन आलेली पोर म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. पण न विचारता केलं, ते आवडलं नाही." नोंदबाईने तेवढंच लिहिलं, आणि तो कागद तिला सगळ्यांत आवडला.

मोरीवाले काका तर येणारच होते. टपालखात्यातून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे, गळ्यापर्यंत बटणं लावणारे. त्यांच्या घरामागची मोरी तुंबते ही तक्रार दर महिन्याच्या तासाला अकरा वर्षं नोंदली जात होती. 

"विलीनीकरणावर बोला हं काका, मोरीवर नको," तिने बजावलं.

"विलीनीकरणावरच बोलतोय. लिहा. अकरा वर्षांत या सभेने माझी मोरी दुरुस्त केली नाही. पण अकरा वर्षं ऐकून घेतलं. मी बाकावर बसलो की अर्धी सभा मनात म्हणते, आला मोरीवाला. म्हणू दे. शहरात गेलो तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि तेवढं माझं आयुष्य उरलेलं नाही."

तिने वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "हेच," म्हणाले. "छान लिहिलंत."

"मी कुठं? तुम्हीच बोललात."

पंधराव्या दिवशी तिच्या अंगठ्याचं पेर सुजलं. घरी नणंदेने पातेल्यात कोमट पाणी केलं, मीठ टाकलं आणि तिचा हात त्यात बुडवून धरला.

"किती झाल्या?"

"चारशे अकरा, वन्सं."

"आणि सही एकाही कागदावर नाही? आमच्याकडे सही असल्याशिवाय आम्ही सुईसुद्धा टोचत नाही, वहिनी."

"आपल्या सभेत घेत नाहीत."

"आपल्या सभेत घेत नाहीत हे मला माहीत आहे. कागद चाललाय कुठं पण?"

नोंदबाई म्हणाली, "कोणाची सही घेऊ आणि कोणाचा अंगठा? चाळीस वर्षं झाकलेलं मी उघडं करू? काही बायकांच्या नवऱ्यांनासुद्धा ठाऊक नाही हो."

चावीवाला कोपऱ्यात बसून चावीला तेल लावत होता. तो म्हणाला, "असू दे गं आक्का. सगळ्या गावाला तिचं अक्षर ओळखू येतं. सहीची गरज काय?"

"गावाला येतं," नणंद म्हणाली आणि टॉवेल आणायला उठली. तो विषय तिथंच राहिला.

तिसाव्या दिवशी सातशे त्रेचाळीस कागद झाले. मास्तरांनी ते स्वतः शहरात नेऊन दिले आणि पोचपावती आणली. पावतीवर लिहिलं होतं, 'एक गठ्ठा'.

सुनावणी शहरात, मुख्य कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका मंगळवारी सकाळी अकराला होती. कामाचा दिवस, हातावर पोट असलेली माणसं कुठून येणार? तरी पन्नासेक जण आले. मास्तर, भाजीवाली धंदा बंद ठेवून, मोरीवाले काका इस्त्रीच्या कपड्यांत. दालन मोठं होतं, गुळगुळीत फरशीचं, आणि पुढं एक माइक उभा केला होता. सुनावणी घेणारे अधिकारी पन्नाशीचे, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. माणूस भला होता, हे नोंदबाई पुढं आयुष्यभर सांगत राहिली.

त्यांनी गठ्ठा सोडला. दहा-बारा कागद पाहिले, मग मधले पाहिले, मग तळाचे.

"या सगळ्या एका हाताच्या आहेत."

नोंदबाई उठून उभी राहिली. "हो साहेब. माझ्या हाताच्या."

"आणि सही कोणाचीच नाही."

"आमच्यात नसते. वाचून दाखवलंय. प्रत्येकाने 'हेच' म्हटलंय."

"ते तसं म्हणाले हे मला कसं कळावं?"

अठरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. जे होतं तेच ती बोलली. "मी तसं लिहिलंय ना."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण मला नियम घालून दिलेत. एकाच अक्षरातल्या, सही नसलेल्या हरकती म्हणजे एका माणसाची एक हरकत. उद्या कोणीही घरी बसून हजार कागद लिहील, मग मी काय करू? सांगा."

ते खोटं बोलत नव्हते. सातशे त्रेचाळीस माणसं बोलली होती आणि त्या सगळ्यांना तिने आपल्या मुठीत घट्ट बंद करून इथवर आणलं होतं.

"एक करता येईल," अधिकारी म्हणाले. "जे हजर आहेत त्यांनी इथं माइकपाशी येऊन स्वतः सांगावं. प्रत्येकी दोन मिनिटं. ते मी वेगवेगळं धरीन."

भाजीवाली पहिली उठली. भर मंडईत तिचा आवाज पुलापलीकडे जायचा. माइकपाशी गेली, माइक किंचाळला, ती दचकली. मग मागं वळून तिने नोंदबाईकडे पाहिलं.

"बोला," अधिकारी म्हणाले.

"बाईंनी लिहिलंय तेच."

"ते काय आहे? तुमच्या तोंडून सांगा."

"तेच. मी सांगितलंय एकदा, नीट सांगितलंय. बाईंनी बरोबर लिहिलंय."

आता तिचं चुकलं असं कसं म्हणावं? तिच्या देखत बाईला कोणी खोटी ठरवत होतं. तेच पुन्हा सांगायला बसायचं म्हणजे पहिली नोंद खरी नव्हती असं कबूल करायचं. ते तिच्याच्याने होईना. ती तोऱ्यात जागेवर येऊन बसली. तिच्यामागून दुसरा गेला. "लिहिलंय तेच." तिसरा गेला. "बाईंचा शब्द तो माझा शब्द, साहेब." टाळ्याही पडल्या. बाईची बाजू राखल्याचं समाधान एकेकाच्या तोंडावर दिसत होतं.

नोंदबाईला राहवेना. "अहो, सांगा ना! मला राखू नका. कागद विसरा आणि जे माझ्यापाशी बोललात ते बोला!"

"बाई," अधिकारी हळूच म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका. लोकांना पढवल्यासारखं दिसेल."

ती खाली बसली. काका तेवढे बोलले. पण दालन परकं, समोर घड्याळ, आणि कानात पन्नास जणांच्या मघाच्या टाळ्या. ते गडबडले आणि सवयीने मोरीवर गेले. मोरी कुठून निघते, कुठं तुंबते, वळण कुठं चुकलंय. दोन मिनिटं झाली. घंटी वाजली तेव्हा ते जेमतेम मागच्या भिंतीपर्यंत पोचले होते. मास्तर शेवटी बोलले, चांगलं बोलले. पण त्यांची खुर्ची जाणार होती, तेव्हा त्यांचं बोलणं खुर्चीसाठी आहे असंच ऐकणाऱ्याला वाटलं असणार.

सहा आठवड्यांनी राजपत्रात अंतिम सूचना आली. तिच्या शेवटी बारीक टाइपात होतं: प्राप्त हरकती, एक. विचारान्ती अमान्य.

ती रात्री जेवेना. चावीवाला म्हणाला, "अगं, दोष तुझा नाही."

"आहे. मास्तर म्हणाले होते. वन्सं म्हणाल्या होत्या."

"बरं, आहे," तो म्हणाला. "आता जेव."

गावात मात्र तिला कोणी शब्दाने दुखवलं नाही. भाजीवाली पिशवीत दोन भेंड्या जास्तच टाकी. काका रस्त्यात थांबून म्हणत, "तुम्ही पुष्कळ केलंत." कोणी चारचौघांत तोंड सोडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटची सभा डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी होती. पहिला तास नेहमीप्रमाणे गावाचा. लोक खूप आले, भिंतींना टेकून उभे राहिले. नोंदबाईने त्या दिवशी वही उघडली नाही. तिने कोऱ्या कागदांची थप्पी आणि डझनभर पेनं आणली होती, ती बाकावर मांडली. महिनाभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: पुढं शहरात यांना आपलं आपण लिहावं लागेल, सही करावी लागेल, निदान आजपासून हात वळू दे. सहीबद्दल वन्संना दिलेलं उत्तर त्या भरात ती विसरली.

"आज मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "ज्याने त्याने आपलं म्हणणं लिहायचं आणि खाली सही करायची. चार ओळी लिहा. या, तुम्ही या आधी."

तिने कागद पुढं केला तो भाजीवालीपुढं, कारण ती सगळ्यांत जवळ बसली होती आणि आजवर कधी कशाला घाबरलेली नव्हती. भाजीवालीचं एक मात्र खुद्द नोंदबाईला, अठरा वर्षं सगळ्यांचं ऐकणारीला, ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. भाजीवालीच्या टोपलीत रोज एक वर्तमानपत्र असे. गिऱ्हाईक नसलं की ती ते उघडून धरी.

भाजीवालीने पेन घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

"मला येत नाही, बाई," ती म्हणाली.

मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मागं कोणीतरी खोकलं. भाजीवालीचा थोरला मुलगा भिंतीशी उभा होता. तो फरशीकडे पाहू लागला. भाजीवालीने पेन जपून बाकावर ठेवलं, टोपलीची चुंबळ उचलली आणि वाट करून बाहेर गेली. नोंदबाई तिच्यामागं दारापर्यंत धावली, पण हाक काय मारायची ते सुचेना. परत आली तेव्हा निम्मी माणसं पांगली होती. जी उरली त्यांच्यापैकी अकरा जणांनी कागद भरले. 'माननीय साहेबांचे सेवेशी' अशीच सगळ्यांची सुरुवात होती.

नव्या वर्षी गाव दोन प्रभागांत वाटलं गेलं. पहिल्या निवडणुकीत दक्षिणेकडून रेल्वेपलीकडचा एक गोदामवाला निवडून आला आणि उत्तरेकडून नदीपलीकडच्या एक वकीलबाई. वकीलबाई दोनदा गावात येऊन गेल्या, चांगल्या बोलल्या. सभागृहात शहराचं कर भरायचं केंद्र झालं. गावाच्या तासाच्या जागी एक खिडकी आली. खिडकीत छापील फॉर्म मिळे.

मास्तर त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते शहराला पत्रं पाठवत होते, महिन्याला एक. उत्तरं दोन आली.

मोरीवाल्या काकांना खिडकीतून फॉर्म मिळाला. त्यात तक्रारीसाठी तीन ओळींची जागा होती. ते फॉर्म घेऊन नोंदबाईकडे आले होते, पण शेवटच्या सभेनंतर तिने दुसऱ्याचं लिहायचं सोडलं होतं आणि ती नाही म्हणाली. काका रागावले नाहीत. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि चहा पिऊन गेले. सत्त्याऐंशी साली ते मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले.

सूतिकागृह दीड वर्षात बंद झालं. सिस्टरची बदली शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झाली. पहिल्या महिन्यातच ती म्हणाली, "वहिनी, इथं बाळाच्या आईचं नाव विचारायलासुद्धा वेळ नसतो." निवृत्तीनंतर चार वर्षांनी, थोड्या आजाराने, ती भावाच्या घरीच वारली.

चावीवाल्याची चावी नव्वद साली जमा करून घेतली. व्हॉल्व्ह विजेवर चालायला लागले. त्याला पंपघराच्या दाराशी बसायचं काम दिलं. पाणी कोणत्या गल्लीला कधी येतं हे लोक त्यालाच विचारत, आणि त्याला आता ते माहीत नसे. तो पंचाण्णवला गेला.

भाजीवालीने मंडईची जागा सोडली. मुलाने शहराच्या बाजूला दुकान घातलं, ती तिथं गल्ल्यावर बसे. नोंदबाई एकदा मुद्दाम तिकडे गेली. भाजीवालीने तिला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, प्रकृतीची चौकशी केली, नातवंडं दाखवली. नोंदबाईला माफी मागायची होती. ती दुधी घेऊन परत आली.

नोंदबाईला शहराच्या मुख्य कचेरीत आवक-जावक विभागात बसवलं होतं. येणाऱ्या पत्रांवर तारखेचा शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि पुढं पाठवायचं. लिहायचं फक्त आकडे. निवृत्तीला तीन वर्षं कमी असतानाच तिने नोकरी सोडली. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, भाचीकडे राहते, कान अजून शाबूत आहेत. मतदारयादीत तिचं नाव जुन्याच प्रभागात आहे. भाची बदलून घे म्हणते, ती घेत नाही. गेल्या निवडणुकीला दोन बस बदलून ती मत द्यायला गेली. यंत्रावर चौदा नावं होती. तिने ती सगळी सावकाश वाचली. ओळखीचं एकही नव्हतं.